बदनामी करण्याबाबत नम्र विनंती

शुक्रवार पेठ, सोलापूर
१० नोव्हेंबर

श्री. सयाजी तुकाराम पिसे यांस,

विषय : सातबारा उतारा पाठवण्याबाबत.

महोदय,

पत्र बघून दचकू नये. कुणी मेलेलं नाही. तुमचा नंबर माझ्या फोनात ब्लॉक आहे आणि तो उघडणार नाही असं मी भर बाजारात बोलून बसलोय, म्हणून टपालखात्याला त्रास.

आपण सख्खे भाऊ असलो तरी सहा वर्षं बोलत नाही, याचं कारण तुम्हालाही माहीत आहे आणि अख्ख्या गावालाही. ग्रामपंचायतीला तुम्ही उभे होता. तुमच्या विरोधी पॅनेलनं माझी भोंग्याची रिक्षा आधी बुक केली होती. धंदा तो धंदा. मी घसा फोडून प्रचार केला, तुम्ही पडलात. त्याआधी शेवटच्या सभेत स्टेजवरून तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात, त्यावर गाव पोट धरून हसलं. तो विषय मी इथं काढत नाही.

विषय अपेक्षाचा आहे. माझी पोरगी यंदा बारावीला आहे. तिला राज्यशास्त्र शिकायचंय. मी म्हटलं, बाळा, राजकारण शिकायला कॉलेज कशाला, गावाकडं एक महिना राहा. तर हसली नुसती. लहानपणापासून रिक्षात माझ्या शेजारी बसून हिंडलेली ती. सकाळी मी एका पक्षाचं ओरडायचो, दुपारी दुसऱ्याचं, दिवेलागणीला अपक्षाचं. नळाला रोज पाणी, हे तिघांचंही आश्वासन. सहावीत असताना तिनं विचारलं होतं, "पप्पा, तिघंबी द्यायला तयार हायत, मग अडवतंय कोण?" मला काय उत्तर येणार, कपाळ! ते शोधायला तिला तीन वर्षं कॉलेजात जायचंय म्हणे.

तिच्या कॉलेजातल्या भार्गवी मॅडम तिला अर्ज कुठंकुठं करायचे त्याची यादी काढून देतायत. चांगल्या ठिकाणची फी ऐकून मी खुर्ची धरली. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, घरची परिस्थिती कागदावर दाखवली तर फी माफ होते, वसतिगृहसुद्धा फुकट मिळतं. म्हणून सातबारा हवा. दोन एकर, त्यातलं दीड एकर दगड, आणि नाव आपल्या दोघांचं.

तिची आई म्हणते, एप्रिलपर्यंत गप्प बसते. फीमाफी झाली तर जाऊ दे पोरीला, नाहीतर माझा भाऊ आणतोय ते स्थळ बघायचं. मामानं दोन स्थळं काढून ठेवलीच आहेत. तेव्हा उतारा वेळेत पाठवावा.

तुमची खुशाली विचारलेली नाही, याची नोंद घ्यावी. आईला नमस्कार सांगावा.

जोतीराम पिसे


शुक्रवार पेठ
२७ नोव्हेंबर

श्री. सयाजीराव,

एसटीच्या कंडक्टरकडून पाठवलेला उतारा मिळाला. त्याची ही पोच. सोबत शेंगांचं पोतं आलं, त्याची पोच देत नाही, कारण शेंगा मी मागितल्या नव्हत्या. अपेक्षाच्या आईनं निम्म्याची चटणी केली. चांगली झाली.

चिठ्ठीत तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "यादीचं काय झालं?" तुम्हाला काय करायचंय? पण विचारलंच आहे तर सांगतो.

भार्गवी मॅडम जुळे सोलापुरात राहतात. आम्ही तिघं रिक्षानं त्यांच्याकडं गेलो. भोंगा काढायचा राहिला होता, त्यामुळं सोसायटीच्या वॉचमननं आधी आत सोडलं नाही, इथं प्रचाराला बंदी आहे म्हणाला. मॅडम स्वतः खाली आल्या तेव्हा सुटका झाली.

त्यांची पद्धत अशी. दहा नावं काढायची. काही ठिकाणं अशी की प्रवेश नक्की मिळणार, काही अशी की मिळेल किंवा हुकेल, आणि दोन-तीन अशी की मिळालं तर नशीब. मी म्हटलं, मॅडम, समजलं! बिनविरोध, चुरशीची आणि डिपॉझिट जप्त. त्या आधी गडबडल्या, मग म्हणाल्या, हो, तसंच. मग त्यांनी प्रत्येक नावापुढं लिहिलं की तिथं फीमाफी मिळते की नुसतं अभिनंदनाचं पत्र मिळतं. त्यात निम्मं पॅनेल गळालं. दिल्लीची दोन, पुण्याचं एक, हैदराबादचं एक आणि बंगळूरचं एक विद्यापीठ, एवढी राहिली. सगळ्यांत वर बंगळूर. तिथं राज्यशास्त्र चांगलं आहे, आणि गरज पटली तर सगळंच माफ आहे. डिपॉझिट जप्तच्या गटातलं आहे ते, पण पोरीचा जीव तिथंच अडकलाय.

मी सुचवलं, एक डमी अर्जपण भरून ठेवू. अपेक्षा म्हणाली, "पप्पा, निवडणूक न्हाय ही." मॅडमनी तिला सांगितलं, पप्पांना बोलू दे, त्यांचा अनुभव आहे. मला बरं वाटलं आणि त्या भरात एक गडबड झाली. ती लपवत नाही, कारण तुम्हाला कुणीतरी सांगणारच. यादीत पुण्याचं खालचं नाव होतं, त्यांच्या ऑफिसात मी फोन लावला. म्हटलं, माघारीची मुदत कधीपर्यंत आहे? आम्ही माघार घ्यायला तयार आहोत, पण बदल्यात आमचं काय? पलीकडच्या बाईंनी नाव विचारून यादी चाळली. मग म्हणाल्या, अहो, तुमचा अर्जच अजून आलेला नाही.

त्या दिवशी अपेक्षा माझ्याशी बोलली नाही. घरात न बोलणारी माणसं वाढायला लागली आहेत.

आईचा दुसरा डोळा कसा आहे? हे तुम्हाला विचारलेलं नाही, आईला विचारलंय.

जोतीराम


शुक्रवार पेठ
९ फेब्रुवारी

सयाजीराव यांस,

विषय : बदनामी करण्याबाबत नम्र विनंती.

बंगळूरला अपेक्षा निवडली गेली! मुलाखतीत तिनं नळाच्या पाण्याचं तेच सांगितलं आणि तीन प्राध्यापक हसले, मग तिला आणखी अर्धा तास बसवून ठेवलं. प्रवेश नक्की. राहिली फीमाफी. आणि तिथंच घात झाला बघा.

फीमाफी द्यायची तर माणूस पाठवून चौकशी करायची, आणि शेजाऱ्यांना कारण सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. आशिष नावाचा तरणा मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं गोड. मी प्रचाराला बाहेर, ही दळणाला गेलेली. तो घरमालकाकडं, विरुपाक्षअण्णांकडं गेला आणि विचारायला लागला, पिसे कुटुंब कसं आहे, उत्पन्न किती, काही व्यसन वगैरे?

आता तुम्हीच सांगा, असं कोण विचारतं? मामानं स्थळं आणलीत हे अख्ख्या बोळाला ठाऊक. अण्णांनी ओळखलं, मुलाकडचे आले. "बर्री, कुंदर्री," असं कानडीत म्हणून आत नेऊन बसवलं, पोहे केले, आणि सुरू. माणूस म्हणजे सोनं. खोलीचं भाडं कधी थकवत नाही. (हे ऐकून मलाच ठसका लागला.) गावाकडं वीस एकर ऊस! शहरात हौसेनं राहतात. भोंगा तर नुसता छंद आहे त्यांचा. समोरच्या बाईपण धावत आल्या आणि म्हणाल्या, पोरीच्या अंगावर दहा तोळे घालणार आहेत.

परवा विद्यापीठाचं पत्र आलं. अर्जातली माहिती आणि शेजाऱ्यांची माहिती यांत तफावत आढळते, तरी मूळ गावी पुन्हा पाहणी करण्यात येईल. शेवटची संधी.

मी अण्णांवर तावातावानं गेलो. ते म्हणाले, "पोरीच्या कल्याणाचं बोललो, आता चिडताय का?" त्यांना तरी काय बोलू? पाच वर्षांपूर्वी भाडं थकलं तेव्हा ते खोली खाली करा म्हणाले होते. मी त्यांच्यापुढं अर्धा तास असं भाषण केलं की आठवड्यात विरघळले आणि परत कधी तगादा लावला नाही. तसा दिलदार माणूस आहे.

म्हणून आता असं. गावात चौकशीला आलेल्याला कुणी वाईट सांगत नाही, पोरीचं जमत असलेलं मोडलं तर पाप लागतं. तात्याबा गिरणीवाला तर दहा तोळ्यांचे वीस करंल. सबंध गावात माझ्याबद्दल वाईट बोलणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही सहा वर्षांपूर्वी स्टेजवरून म्हणालात, "ह्यो पैसे दिले तर म्हशीचाबी प्रचार करंल. सोलापुरात एका खोलीत ऱ्हातो, पावसाळ्यात घरात माणसापरीस पातेली जास्त." ते भाषण तुम्हाला आठवत असेल. मला पाठ आहे.

तेच भाषण आशिषसमोर पुन्हा करावं, ही विनंती. खोटं एक अक्षर नको. त्या भाषणात खोटं काही नव्हतंच, त्याचाच तर मला राग आला होता. मी गावात पाऊल ठेवणार नाही, तुम्हाला संकोच नको.

जोतीराम


शुक्रवार पेठ
१७ फेब्रुवारी

अहो सयाजीराव,

चिठ्ठी मिळाली. "भाषण जमणार न्हाय. तवा मी रागात हुतो. आता त्यो राग ऱ्हायला न्हाय." वा रे वा! सहा वर्षं मी इथं राग जिवापाड जपून ठेवला आणि तुम्ही तिकडं सोडून मोकळे? कुणाला विचारून?

आशिष सोमवारी येणार. तोवर तुम्ही रागात यायलाच पाहिजे. मदत म्हणून लिहितो, शांतपणे वाचावं आणि चिडावं.

एक, तुम्ही पडलात ते माझ्या भोंग्यामुळं नाही. तुम्ही मतं मागायला गेलात आणि लोकांच्या दारात बसून त्यांनाच त्यांच्या चुका सांगत बसलात, त्यामुळं पडलात. माझं तोंड तुमच्या बाजूला असतं तरी पडला असता, जरा कमी मतांनी.

लहानपणी विहिरीत मला तुम्हीच ढकललंत आणि आईला सांगितलंत, जोत्यानं आपणहून उडी मारली. मला पोहायला आलं ते त्या दिवशी, पण म्हणून उपकार मानणार नाही.

माझ्या लग्नात जिलबी संपली म्हणून तुम्ही रुसून ट्रॅक्टरवर जाऊन बसलात. नवरा मी होतो आणि रुसवा तुमचा काढायचा!

तुमच्या मिशा एका बाजूला जास्त आहेत. लहानपणापासून सांगायचं होतं.

आता तरी आला का राग? नसेल आला तर माझ्याकडं आणखी बरंच आहे, पण टपालाचा खर्च वाढतो. अपेक्षा हे वाचून म्हणाली, "पप्पा, थोरल्या आप्पांना असं लिहितात व्हय?" मी म्हटलं, बाळा, तुझ्याचसाठी चाललंय. तिनं बॅग भरायची म्हणून कपाटावरून खाली काढली होती, ती काल परत वर ठेवलेली दिसली. मामा मात्र दोनदा येऊन गेला.

तेवढं बघा. कसंही करा.

जोतीराम


शुक्रवार पेठ
१२ एप्रिल

दादा,

आधी बातमी. झाली! फी माफ, वसतिगृह माफ, जेवण माफ. जूनच्या शेवटी अपेक्षा बंगळूरला चालली. तिच्या आईनं मामाला फोन करून सांगितलं, स्थळं परत कर. भार्गवी मॅडम पेढे घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, डिपॉझिट जप्तच्या गटातून सीट आली हो तुमची! अख्ख्या बोळात मी रिक्षा फिरवून पुकारा केला. अपेक्षा लाजून दार लावून बसली होती, पण आतून हसत होती, मी ऐकलं.

आता दुसरं. हे लिहायला मला दीड महिना लागला. सोमवारी आशिष तुझ्याकडं आला, तेव्हा मी गावात होतो. पाऊल ठेवणार न्हाय म्हणालो होतो, पण तुझा काय भरवसा? पहिल्या एसटीनं आलो आणि तुझ्या दारासमोरच्या तात्याबाच्या गिरणीत पोत्यांमागं जाऊन बसलो. तात्याबानं नेमकी त्याच वेळी कुणाची तरी ज्वारी टाकली. मी डोक्यापासून पायापर्यंत पीठ. गिरणी थांबली आणि तुझा आवाज आला. सहा वर्षांनी ऐकला, दादा.

आशिषनं विचारलं, "जोतीराम पिसे यांची परिस्थिती कशी आहे?" तू खाकरलास. आणि म्हणालास, "बसा पाव्हणं. आमचं पिसे घराणं म्हंजी..."

संपलं, म्हटलं. घराणं निघालं, आता ऊस निघणार! तेवढ्यात आईची काठी आपटली. "सया, पोरीचं वाटुळं करतूस व्हय? खरं सांग की!"

मग तू सुरू झालास. म्हशीचा प्रचार आला, पातेली आली. तात्याबा तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. मलाबी हसू येत होतं, काय सांगू. तिथंच मला शिंक आली. आशिष म्हणाला, काय आवाज झाला? तू म्हणालास, "तात्याबाचं मांजर हाय." दादा, मांजर असं शिंकत न्हाय. तुला कळलं होतं का?

कारण त्यानंतर तू भाषण सोडलंस. तुझा आवाज खाली आला. म्हणालास, "खरं सांगू का साहेब, आईच्या डोळ्याचं आपरेशन त्यानंच केलं सोलापुरात. आईला म्हणला, लॉजवर ऱ्हायलो, मजेत हुतो. दवाखान्याच्या पायरीवर झोपत हुता त्यो. निवडणूक सरली की त्याचा आवाज जातो. बाजारात खुणा करून भाजी घेतो, लोकास्नी वाटतं मुका हाय. पोरीच्या क्लासच्या फीला सोताचा भोंगा इकला, आता हाय त्यो भाड्याचा. दिवाळीला बायकोला साडी, पोरीला डिरेस, अन् ह्यो आपला लग्नातल्या सफारीत. बटणं सगळी येगयेगळी हायत त्याची. पर कुणाफुडं हात पसरला न्हाय त्यानं. माझ्याफुडंबी न्हाय."

मी पोत्यावर डोकं टेकलं. ज्वारीचं पीठ डोळ्यात गेलं म्हणू का? न्हाय म्हणत. रडलो मी.

मग आशिषनं शेवटचं विचारलं, "पण सोलापुरात शेजारी तर वीस एकर ऊस सांगतात?" तू पुन्हा खाकरलास. मग म्हणालास, "ते... कुणीतरी येड्यानं सांगितलं आसंल."

तुझा तो आवाज मी ओळखतो. विहिरीत ढकललंस तेव्हा आईला उत्तर देताना असाच होता. मी मागच्या दारानं निघालो, पांढराफटक, एसटीत शेजारी कुणी बसंना. पण डोक्यात एकच. भोंगा विकला हे दादाला कुणी सांगितलं? मी तर बायकोलासुद्धा दुरुस्तीला टाकलाय म्हणून सांगितलं होतं. आणि माझी बटणं ह्यानं कधी बघितली?

घरी आलो तो सरळ विरुपाक्षअण्णांसमोर जाऊन बसलो. म्हटलं, अण्णा, तुमच्या डोक्यात वीस एकर ऊस आला कुठनं? अण्णा म्हणाले, "मी कशाला मनानं सांगू? तुमच्या भावानंच सांगितलं की! कांदा घेऊन मार्केटला येतात तेव्हा दर वेळी येतात. कोपऱ्यावर सोड्याच्या दुकानाशी उभं राहतात, रिक्षावाल्यांकडून तुमचं सगळं काढून घेतात, तुमची रिक्षा गेली की जातात. मी विचारलं एकदा, कोण पाहिजे? तर म्हणाले, कुणी न्हाय, आवाज बरा हाय का त्याचा, तेवढं बघतो. तुमचं भाडं थकलं होतं ना, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, माझ्या भावाला गावाकडं वीस एकर ऊस हाय, तुमचा पैसा बुडायचा न्हाय, त्याला खोली सोडायला लावू नका."

म्हणजे अण्णा माझ्या भाषणानं विरघळले नव्हते. पाच वर्षं मी ते भाषण लोकांना सांगत फिरलो, दादा! रिक्षावाल्यांना शिकवलंसुद्धा!

तू गावात माझी लाज काढलीस आणि सोलापुरात माझी लाज राखलीस. आणि मी दोन्ही ठिकाणी तुलाच शिव्या देत बसलो. तुझ्या त्या वीस एकरानं पोरीची फीमाफी जवळजवळ घालवली होती, हे सोडायचा नाही मी. जन्मभर ऐकवीन. पण त्याच वीस एकरावर आम्ही पाच वर्षं ह्या खोलीत राहिलो, आणि ह्याच खोलीत बसून तिनं अभ्यास केला.

अपेक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, बंगळूरला जायच्या आधी मला थोरल्या आप्पांच्या पाया पडायचंय." मग म्हणाली, "आन् त्यांना इचारायचंय, तुमी दोघंबी बोलायला तयार हुता, मग अडवत कोण हुतं?"

तुझा नंबर काल उघडला. तीनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. मी आयुष्यभर बोलून पोट भरलं, रे. दहा हजार माणसांपुढं माझा आवाज कापत न्हाय. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की घसा बसतो. म्हणून पुन्हा कागद.

पुढल्या मंगळवारी मार्केटला कांदा आणशील. सोड्याच्या दुकानाशी उभा राहू नकोस. अण्णांनी दुकानदाराला सांगून ठेवलंय, हा माणूस दिसला की हाकलून द्यायचा, आमच्या बोळात पाठवायचा. जिना चढून वर ये. आईलाबी आण. वीस एकरवाल्याच्या घरी एक कप चहा मिळंल. त्यासाठी बायकोनं सफारीची बटणंसुद्धा एकसारखी लावून ठेवलीत.

तुझा
जोत्या